दुरुस्त करून दिलेली गिअरची सायकल पुन्हा पुन्हा परत येते? आधी गाव विचारा, मग गिअर ठरवा

आमच्या बीडच्या वर्कशॉपमध्ये एका जांभळ्या सायकलला सगळे ‘माहेरवाशीण’ म्हणतात. जूनमध्ये शाळा उघडताना दिली. जुलैत परत आली. नीट करून धाडली, तर पोळ्याच्या आत पुन्हा दारात. तिसऱ्यांदा आणली तेव्हा मुलीचे वडील हसत म्हणाले, “काका, हिला इकडंच करमायलंय बघा.” आम्हीही हसलो, पण आतून वाईट वाटलं. दर वेळी रविवारचा अर्धा दिवस घालवून आम्ही ती अगदी लोण्यासारखी चालती करून दिली होती.

ती एकटी असती तर सोडून दिलं असतं. पण परत येणाऱ्या सायकली एका बाजूला काढून बघितल्या तेव्हा लक्षात आलं की जवळपास सगळ्याच गिअरच्या आहेत. साध्या सायकली पंक्चर, ब्रेक शू, छर्रे असल्या कामाला येतात आणि जातात. गिअरवाल्यांची तक्रार मात्र एकाच वाक्यात येते: “गिअर खराब हाय.” दानात मिळालेल्या सायकली दुरुस्त करून गावोगाव देण्याचं काम तुम्हीही करत असाल, तर हे वाक्य ऐकलंच असेल. त्यामागे काय काय दडलेलं असतं आणि आम्ही शेवटी काय ठरवलं, ते लिहितो.

आमच्याकडे येणाऱ्या सायकली पुण्यातल्या आणि संभाजीनगरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या. मुलगा दहावीला गेला, स्कूटी आली, सायकल भिंतीला टेकली ती चार-पाच वर्षं तशीच. २६ इंची चाक, लोखंडी फ्रेम, पुढे शॉकअप, १८ किंवा २१ गिअर, हँडलवर मुठीसारखा पिरगाळायचा प्लास्टिकचा शिफ्टर. दिसायला झकास. मुलींना पहिल्या नजरेत हीच आवडते, साधी काळी कोणालाच नको असते. ‘२१ गिअर’ म्हटलं की बापाचाही चेहरा खुलतो.

‘गिअर खराब’ म्हणजे नेमकं काय

पहिली चूक आमची होती. तक्रार आली की आम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागच्या गिअरचे दोन स्क्रू पिळायला बसायचो. मागचा गिअर म्हणजे चेनला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा, दोन छोट्या पुल्यांचा लटकता पिंजरा. स्टँडवर चाक फिरवून गिअर टकाटक पडले की सायकल पास. पण स्टँडवर सायकलला ना ओझं असतं, ना चढ. आता आम्ही स्क्रूला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो: नेमकं कधी होतं? उभं राहून जोर लावल्यावर, गिअर बदलताना, की काही न करता आपोआप?

जोर लावल्यावर ‘खाडकन्’ आवाज होऊन पायडल मोकळं फिरत असेल, तर चेन घसरते आहे. जांभळीचा पहिला आजार हाच होता, आणि तो आम्हीच लावून दिला होता. तिची चेन गंजलेली म्हणून आम्ही नवी टाकली, फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, मात्र जुनंच ठेवलं. चेन झिजते तशी ती लांबते, आणि त्या लांबलेल्या चेनच्या मापाने चकतीचे दातेही झिजतात. झिजलेली जोडी एकमेकांना सांभाळून घेते, जुन्या नवराबायकोसारखी. त्यात नवी चेन आणली की ती त्या दात्यांवर नीट बसत नाही, जोर आला की वर चढते आणि सटकते. तेही सगळ्या चकत्यांवर नाही, तर रोजच्या वापरातल्या दोन-तीन चकत्यांवरच. म्हणून तर स्टँडवर काही कळत नाही.

मोजायला कुठलंही महागडं हत्यार लागत नाही. शाळेतली इंचाची स्टीलची पट्टी घ्या. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून मोजा. २४ जोड पुढच्या पिनेचा मध्य नव्या चेनवर बरोबर १२ इंचांवर येतो. तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर चेन बदला, फ्रीव्हील बहुधा वाचेल. आठवा भाग पुढे गेला असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावंच लागतं. दोन्ही बदलायला पैसे नसतील तर जुनी चेन रॉकेलमध्ये धुऊन, तेल देऊन जुन्या फ्रीव्हीलवरच चालवा. ती जोडी अजून एखादं वर्ष काढते. अर्धवट नवं करण्याइतकं वाईट काही नाही.

चेन सगळ्यात मोठ्या चकतीच्याही पलीकडे, चाकाच्या तारांमध्ये पडत असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी मागचा गिअर तारांत अडकतो, दोन-चार तारा तुटतात, कधी पिंजराच मोडून हातात येतो. जांभळीचं दुसरं माहेरपण याच कारणाने झालं. सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि डोळा चाकाच्या रेषेत आणून बघा. पिंजऱ्यातल्या दोन्ही पुल्या चकतीच्या खाली सरळ ओळंब्यात दिसल्या पाहिजेत. खालची पुली चाकाकडे झुकलेली दिसली की समजा हँगर वाकला आहे. हँगर म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो फ्रेमचा कान. तो वाकलेला असताना स्क्रू कितीही पिळा, एका टोकाला जमतं आणि दुसऱ्या टोकाला बिघडतं.

आमच्याकडे इतके हँगर का वाकलेले येतात, हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. एकदा टेम्पो उतरवायला मी स्वतः गेलो तेव्हा उलगडलं. चाळीस सायकली एकीवर एक रचलेल्या, अर्ध्याहून जास्त उजव्या कुशीवर. वरच्या सगळ्यांचं वजन खालच्यांच्या मागच्या गिअरवर. म्हणजे पुण्याच्या पार्किंगमध्ये धडधाकट असलेली सायकल बीडला पोचेपर्यंत लंगडी व्हायची. आता टेम्पो भरणाऱ्या पोरांना दोनच गोष्टी सांगतो: सायकल डाव्या कुशीवर झोपवा आणि चेन आधी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या. मोठ्या चकतीवर असताना मागचा गिअर आत, चाकाच्या आडोशाला जातो. एवढ्यानेच अर्धी रड थांबली. शाळेतल्या सायकल स्टँडवर मात्र आपला इलाज नाही. तिथे सायकली इतक्या चिकटून लावतात की शेजारणीचं पायडल बरोबर मागच्या गिअरवर येऊन बसतं.

लोखंडी हँगर सरळ करायची एक युक्ती आमच्या फिटर काकांनी दाखवली. ते आयटीआयमधून निवृत्त झालेले, हातात जादू आहे. मागचा गिअर खोलून काढायचा. १० मिलिमीटर ॲक्सलचं आणि १ मिलिमीटर आट्याचं एखादं सुटं मागचं चाक घ्यायचं, कारण हँगरचा आटाही तोच असतो. त्या चाकाचा ॲक्सल हँगरमध्ये पिळून बसवायचा. मग सायकलचं चाक आणि हे जास्तीचं चाक शेजारी शेजारी उभी राहतात आणि दोन्ही समांतर आहेत का, हे कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नसतील तर जास्तीचं चाक हाताने हळूहळू ओढून समांतर आणायचं. मोठ्या चाकाच्या पल्ल्यामुळे जोरही फार लागत नाही. ॲल्युमिनियमचा कान असेल तर एकदाच आणि हलक्या हाताने, नाहीतर तडकतो.

गिअर आपोआप बदलत असेल किंवा बदलायला आळस करत असेल तर दोष बहुतेक वायरचा असतो. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ब्रेकची वायर आणि गिअरची वायर एक नव्हे. गिअरची आतली वायर बारीक असते, साधारण १.२ मिलिमीटर. ब्रेकची दीड मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिची गुंडीही मोठी, त्यामुळे ती शिफ्टरच्या घरात बसतच नाही. वरचं आउटरही वेगळं असतं. ब्रेकचं आउटर स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि दाब आला की थोडं आखडतं. ब्रेकला ते चालतं. टिकटिक आवाज करत ठरावीक पायऱ्यांवर चालणाऱ्या गिअरला मात्र तेवढं आखडणंही पुरे असतं, चेन दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळत राहते. जांभळीला तालुक्याच्या दुकानात कोणीतरी ब्रेकचंच आउटर टाकलं होतं. बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्याकडे दुसरं नव्हतंच.

खरं दुखणं चिखलाचं

हे सगळं शोधून, दुरुस्त करूनही सायकली यायच्या थांबल्या नाहीत. कमी झाल्या, इतकंच. मग एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघं गेवराईकडच्या एका वस्तीवर गेलो. शाळेपासून डांबरी रस्ता, मग खडी, आणि शेवटचा किलोमीटरभर पाणंद. काळ्या मातीची पाणंद पावसाळ्यात कशी होते, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. चप्पल रुतते, पाय वर येतो, चप्पल येत नाही. ती माती सायकलच्या टायरला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि मागच्या गिअरच्या त्या दोन पुल्यांमध्ये पिठाच्या गोळ्यासारखी बसते. पुली फिरायची थांबते. मुलगी वर जोर लावते, चेन पिंजऱ्याला आपल्याबरोबर ओढते आणि पिंजरा वळतो किंवा मोडतो. त्या पोरीने काहीही चूक केलेली नसते. पाऊस उघडून ऊन तापलं की तीच माती विटेसारखी घट्ट होते, मग ती काढायला खिळा लागतो.

तिथे शेजारच्याच घरात २० वर्षांपूर्वीची काळी सायकल उभी होती. मडगार्डात तेवढाच चिखल. पण पायडलाजवळची दातेरी चकती, म्हणजे पुढचं चेनव्हील, मागचं एक फ्रीव्हील आणि मध्ये चेन, एवढाच संसार. काठीने चिखल खरवडला की सायकल चालू. त्या दिवशी कळलं की आपण सायकलच चुकीची देतोय, दुरुस्ती कितीही चांगली केली तरी काय उपयोग?

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो

परत आल्यावर आम्ही झपाटल्यासारखे सगळ्या सायकलींचे गिअर काढत सुटलो. सगळ्या सिंगल! पोती भरून शिफ्टर आणि पिंजरे जमले. दोन महिने माहेरवाशिणी जवळजवळ बंद. आम्ही खूश.

पुढे मांजरसुंब्याच्या बाजूची एक मुलगी ब्रेकच्या कामाला आली. वस्ती घाटाच्या खालच्या अंगाला, शाळा वर. सायकल कशी चालते विचारलं, तर म्हणाली, “लई भारी हाय काका. जाताना ढकलत नेते, येताना बसून येते.” सहज म्हणाली ती, तक्रार म्हणून नव्हे. पण ढकलत न्यायची तर सायकल द्यायची कशाला?

बीड जिल्हा म्हणजे एका जिल्ह्यातले दोन मुलूख. उत्तरेला गेवराई, माजलगाव हा गोदाकाठ, सपाट आणि काळ्या रानाचा. दक्षिणेला पाटोदा, आष्टीकडे बालाघाटाचे डोंगर, मुरमाड जमीन, चढउतार. इथले लोक बोलतानाही घाटावरचे आणि घाटाखालचे असा फरक करतात. आणि आम्ही मात्र सगळ्यांना एकच सायकल देत होतो.

एका पायडलात किती अंतर

आता थोडं गणित, तेही बाजारातल्या हिशोबासारखं सोपं. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. पायडलाच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते, ते कळतं.

आपली जुनी काळी सायकल: पुढे ४४, मागे १८, चाक २८ इंची. एका फेरीत साधारण साडेपाच मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी वीसेक किलोमीटर. सपाट रस्त्यावर धडधाकट माणसाला ठीक, पण दप्तर घेतलेल्या बारा वर्षांच्या मुलीला वारा समोरून आला की जड.

२६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर. पुढे ४२, ३४, २४ अशी तीन चेनव्हील आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात चकत्या असतील, तर सगळ्यात जड गिअरला ६.२ मीटर आणि सगळ्यात हलक्याला १.८ मीटर. मधले २१ गिअर ही मात्र निव्वळ जाहिरात. ४२ वर मागे १८ ठेवा किंवा ३४ वर मागे १४, फरक जेमतेम जाणवतो. शिवाय मोठ्यावर मोठी आणि लहानावर लहान चकती ठेवली की चेन तिरकी चालते आणि कुरकुरते. कामाचे गिअर निम्मेच उरतात. चालवणाऱ्या मुलींना विचारा, त्या दोन किंवा तीनच वापरतात, पुढच्या शिफ्टरला कोणी हातही लावत नाही.

म्हणून पुढचं फक्त ३४ ठेवलं तर? मागच्या २८ वर अडीच मीटर, १४ वर पाच मीटर. घाट चढायला अडीच मीटर पुरतं, सपाटीला पाच मीटर भरपूर. आणि सगळंच काढून ३४ ला मागे १८ चं एकच फ्रीव्हील लावलं, तर एका फेरीत ३.९ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी १४ किलोमीटर. पाच किलोमीटरची शाळा वीस-बावीस मिनिटांत. मोठ्या पोरांना हे हलकं वाटतं, पाय नुसते गरगर फिरतात. त्यांना मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील मिळालं तर लावून देतो, ते ४.४ मीटर येतं.

गोदाकाठाला सिंगल

सिंगल करताना फ्रेमची निवड आधी. मागच्या ॲक्सलची खाच बघा. खाच आडवी असेल तर चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते, ती फ्रेम सिंगलसाठी बाजूला काढा. खाच उभी असेल तर चाक सरकतच नाही. एका दात्याच्या फरकाने चाक जेमतेम ३ मिलिमीटर सरकायला हवं असतं आणि चेनची पूर्ण कडी काढली तर साडेबारा. मधलं माप जुळवत बसण्यात दिवस जातो. चेन ताणायला मागचा गिअरच ठेवतात काही जण, पण मग चिखलाचं दुखणं तसंच राहिलं ना! उभ्या खाचेची फ्रेम आम्ही आता सिंगल करतच नाही, ती घाटावर जाते.

सात चकत्यांचं फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचांचा पाना लागतो, आणि ते गंजून बसलेलं असतं. पाना हाताने फिरवू नका. पाना व्हाइसमध्ये उभा पकडा, वरून चाक बसवा आणि दोन्ही हातांनी टायर धरून चाकच डावीकडे फिरवा, स्टिअरिंगसारखं. हे चाकाच्या तारा शाबूत असतानाच करायचं. एकदा तारा कापल्या की हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पकडायला काही उरत नाही.

साधं १८ दात्यांचं फ्रीव्हील त्याच आट्यांवर चढतं, पण ते खूप आत बसतं आणि पुढच्या मधल्या चेनव्हीलच्या रेषेत येत नाही. ॲक्सलच्या उजव्या बाजूचे जाड वॉशर काढून डावीकडे टाका, म्हणजे हब उजवीकडे सरकेल. मग रिम मध्यावर आणण्यासाठी डाव्या तारा आवळा, उजव्या सैल करा. मेहनत आहे, पण चाक आधीपेक्षा मजबूत होतं, कारण दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण जवळजवळ सारखा होतो. चेनव्हीलला लांब पट्टी टेकवून ती मागच्या दात्यांना भिडते का बघा. एक-दोन मिलिमीटर चालतं. त्याहून जास्त फरक असेल तर चेन पडणारच.

चेनची रुंदी इथे नडते. गिअरची चेन अरुंद, साध्या फ्रीव्हीलचे दाते जाड. अरुंद चेन त्यावर बसतच नाही. साधी रुंद चेन घ्या, ती पुढच्या पातळ चेनव्हीलवर किंचित खेळते पण चालते. चेन लॉकची, म्हणजे चेनची टोकं जोडणाऱ्या क्लिपची, बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा, उघडी बाजू मागे. उलटं लावलं तर कशाला तरी घासून क्लिप उडते. हे इतक्यांदा उलटं बघितलंय की आता तपासताना पहिली नजर तिथेच जाते.

या सगळ्याचा मोठा फायदा पाणंदीपेक्षाही दुकानाचा आहे. १८ चं फ्रीव्हील, साधी चेन, ब्रेकची वायर हे आठवडी बाजाराच्या गावातल्या पंक्चरवाल्याकडेही मिळतं. सात चकत्यांचं फ्रीव्हील आणि त्याचा पाना मिळत नाही. जे तिथे मिळत नाही, ते सायकलवर नसलेलंच बरं.

घाटावर पुढे एक, मागे सात

इथे पुढचा शिफ्टर काढून टाकतो, पण पुढचा गिअर, म्हणजे चेनव्हीलवरचा तो चिमटा, काढत नाही. तो काढला की खडबडीत रस्त्यावर चेन पुढून पडायला लागते. त्याच्या दोन मर्यादा स्क्रूंनी त्याला मधल्या चेनव्हीलवरच खिळवून ठेवतो. स्क्रू पुरला नाही तर वायरचा विताएवढा तुकडा टाकून तिथेच आवळतो. चेनला दोन भिंती मिळाल्यासारखं होतं. बाहेरचं मोठं चेनव्हील बहुतेक वेळा रिव्हेट केलेलं असतं, ते राहू द्या. सलवारीला तेवढंच संरक्षण. आता मोठ्या चेनव्हीलची गरज नाही, म्हणून चेन थोडी आखूड करायची विसरू नका, नाहीतर लहान चकतीवर ती लोंबकळते.

शिफ्टरच्या बाबतीत माझं मत काही जणांना जुनाट वाटेल. टिकटिक करणारा पिरगाळी शिफ्टर काढा आणि जुना घर्षणावर चालणारा अंगठ्याचा दांडा लावा. त्याला पायऱ्या नसतात, जिथे थांबवाल तिथे तो थांबतो. वायर थोडी सैल झाली, आउटर ब्रेकचं मिळालं, सहा चकत्यांच्या जागी सात आल्या, तरी त्याला फरक पडत नाही. अंगठ्याने अजून थोडं ढकललं की झालं. आमच्याकडे भंगारात आलेल्या जुन्या दहा गिअरच्या सायकलींवरचे असे दांडे एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले असतात, फिटर काका त्याला तिजोरी म्हणतात. मुलींना शिकायला दोन दिवस पुरतात. दांड्याची एकच तक्रार येते: चढावर आपोआप जड गिअर पडतो. मागच्या गिअरची स्प्रिंग दांड्याला मागे ओढत असते. दांड्याच्या मधला स्क्रू थोडा आवळला की संपलं. हे मुलीलाच दाखवून ठेवा, आठ आण्याच्या नाण्यानेही आवळता येतो.

द्यायच्या आधी एक तपासणी न चुकता. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या आणि मागचा गिअर हाताने, जोर लावून चाकाकडे दाबा. चाक फिरवा. पिंजरा तारांना लागता कामा नये. लागला तर ‘एल’ लिहिलेला स्क्रू अजून आत घ्या. दांडा घर्षणाचा असल्यामुळे मुलगी कधीतरी तो पूर्ण ओढणारच, तेव्हा तारा वाचवणारा हाच एक स्क्रू आहे.

बाकीचं थोडक्यात. ॲल्युमिनियम फ्रेमची, चांगल्या गिअरची सायकल आली तर ती आम्ही शहरातच विकतो आणि त्या पैशांतून फ्रीव्हील आणि चेन आणतो. यावरून आमच्यात भांडणं झाली आहेत, दानाची वस्तू विकायची कशी म्हणून. माझं म्हणणं, पाणंदीत मोडण्यापेक्षा बरं. दुधाचे कॅन नेणाऱ्याला गिअरचं काही देऊ नका, त्याला मागे ४० तारांचं जुनं काळं चाक लागतं. गिअरच्या सायकलला बहुधा ३६ असतात. आणि एकदा संभाजीनगरच्या एका जुन्या बंगल्यातून हबच्या आत तीन गिअर असलेली इंग्रजी सायकल आली होती, स्टर्मी-आर्चरची. तिला फक्त हबच्या भोकातून तेल पाजलं, आठवड्याने चालू झाली. तशा शंभर मिळाल्या तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

सायकल देताना आता वहीत चार गोष्टी लिहून घेतो: गाव घाटावर की खाली, शेवटचा किलोमीटर कसला, मागे काय ओझं, आणि जवळचा पंक्चरवाला कुठे. मग फ्रेमला हात लावतो. रंग मुलीने निवडायचा, गिअर आम्ही.

जांभळी शेवटी सिंगल झाली, ३४ ला १८. परवा चौथ्यांदा दारात दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पायडल मारलं की पाय मोकळा फिरतो, चाक जागचं हलत नाही. फ्रीव्हीलच्या आतले दोन घोडे, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या खिट्ट्या, जुन्या ग्रीसने चिकटून बसले होते, नव्या फ्रीव्हीललाही होतं असं. चाक आडवं ठेवून फटीत डिझेल सोडलं, फ्रीव्हील हाताने उलटं फिरवत राहिलो, काळं पाणी निथळलं, मग पातळ तेलाचे चार थेंब. ‘टर्रर्र’ आवाज आला. पंधरा मिनिटं लागली. तिच्या वडिलांचा चहा संपेपर्यंत काम झालं होतं.